पाव फेरी

जिना संपला असं समजून मी पाऊल टाकलं, आणि जिना संपला नव्हता. एक पायरी उरली होती. तिने असा हिसका दिला की टाचेतून निघालेला झटका गुडघ्याला न विचारता कमरेत गेला, कमरेतून मणक्यात, आणि तिथून थेट कवळीत. कवळी वाजली. समोर चपला दुरुस्त करणारी बाई मान वर करून बघायला लागली, तर तिला म्हटलं, "काही नाही, दात मोजत होतो. भरले बरोबर." खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, पडता पडतासुद्धा बोलतो. कठड्याला धरून उभा राहिलो. काखेत कागदाची गुंडाळी होती, ती तेवढी सुखरूप. पायरी केवढी, तर वीतभर. वीतभर उंची आणि गाफील गुडघा, एवढ्यात म्हातारा अर्धा मेला. गुडघा सावध असता तर वाकला असता, आणि तोच झटका चार घासांत गिळला असता. उतरण्याचं सगळं शास्त्र तेवढंच आहे. वर गेलेलं खाली येणार, त्याला इलाज नाही. आलेला मार एका क्षणात घ्यायचा की चार क्षणांत वाटून, एवढंच माणसाच्या गुडघ्यात असतं. माझी मुलगी बर्फावर हातभर उंच उडायची, हवेत तीन फेऱ्या घ्यायची आणि एका पायावर, पाठमोरी, पावलाएवढ्या पात्याच्या धारेवर उतरायची. आठवड्याला दोनशे-तीनशे वेळा. उतरताना पायावर येतं ते तिच्या वजनाच्या पाच-सहापट, डोळ्याची पापणी लवायच्या आत. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण आज कठड्याला धरून, अडुसष्टाव्या वर्षी, ते मला हाडातून कळलं, आणि मग काखेतली गुंडाळी एकदम जड वाटायला लागली. ती खोटी गुंडाळी होती. खरी वर होती, चौथ्या मजल्यावर, कपाटाच्या माथ्यावर, मोडक्या छत्र्यांच्या मागे. मुलगी प्रयोगशाळेत वाट बघत होती. मी वळलो आणि जिना परत चढायला लागलो.

चढताना माणसाला दम खावा लागतो, आणि दम खाताना जे आठवू नये ते आठवतं. एकतीस वर्षं मी एका बंदिस्त स्केटिंगच्या मैदानावर बर्फ राखायचं काम केलं. बर्फ राखायचा म्हणजे काय, तर तो फार कडक झाला तर पात्याखाली तडकतो, फार मऊ झाला तर पातं रुतून बसतं. त्याला मधोमध, पोरीबाळींना सोसेल असा ठेवायचा. दर दोन तासांनी वरचा चरा खरवडून गरम पाणी पसरणारी एक गाडी असायची, तिला मी म्हैस म्हणायचो. चालायची तशीच, आणि पाण्याशिवाय तिचं चालायचं नाही. म्हशीवर बसून मी काय काय थापा मारल्या त्याला सुमार नाही. एका मुलीने एवढी उंच उडी घेतली की ती खाली येईपर्यंत मी चहा पिऊन, कप विसळून परत आलो, ही त्यातली सगळ्यात गरीब थाप. लहान पोरं ऐकायची, त्यांचे आईबाप ऐकायचे, आणि माझी पोरगी, जिला मी भिंगरी म्हणायचो, ती कठड्याला हनुवटी टेकून सांगायची, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही दोन कप म्हणाला होतात." म्हणजे थापेतसुद्धा तिला आकडा बरोबर लागायचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही पुढे मोजमापाच्या धंद्यात जाणार.

पण एका बाबतीत मी थापा मारत नसे, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. म्हैस फिरवण्याआधी मी बर्फ वाचायचो. उडी कशी झाली हे बघणाऱ्याला कळत नाही. हवेत ती अर्ध्या-पाऊण सेकंदाची असते, त्यात डोळा काय काय बघणार? उतरलेली जागा मात्र खोटं बोलत नाही. आधी पात्याच्या पुढच्या दात्यांची बारीक टोच, मग मागे जाणारी लांब, सुरेख कमान. टोचेतून कमान सरळ निघाली तर उतरणं स्वच्छ. पण फेरी हवेत पुरी झाली नाही, पाव फेरी उरली, तर तेवढं राहिलेलं वळण पाय बर्फावर टेकल्यावर घेतो, आणि कमानीच्या सुरुवातीला एक इवलासा बाक राहतो. मासे पकडायच्या गळासारखा. आम्ही त्याला गळच म्हणायचो. वरून बघणाऱ्याला उडी झकास दिसते, टाळ्याही पडतात. पण पातं बर्फाने धरलेलं, वर सगळं अंग अजून फिरतंय, आणि मधल्या मधे नडगी पिळली जाते. ओला टॉवेल पिळावा तशी. भिंगरीला शिकवणाऱ्या बाईंची नजर अधू होत चालली होती आणि त्या ते मेल्या असत्या तरी कबूल करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एक रीत पाडली: रोज संध्याकाळी भिंगरीच्या शेवटच्या उडीच्या खुणेवर मी बटर पेपर अंथरायचा, वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, म्हणजे बर्फातली चीर कागदावर पांढरी उमटते, खाली तारीख घालायची. मग बाई, भिंगरी आणि अख्खं मैदान मला विचारायचं, "बर्फ काय म्हणतो?"

दुसऱ्या मजल्यावर खिडकी आहे, तिथे मी थांबलो. पहिला गळ दिसला ती संध्याकाळ मला अशी दिसते: मी गुडघ्यांवर बसलोय, बोटं बधिर, कागदावर पांढरी कमान उमटतेय आणि तिच्या टोकाशी तो बाक. तीन फेऱ्यांची उडी तिला त्या दिवशी पहिल्यांदा जमली होती. म्हणजे जमल्यासारखी वाटली होती. बाकावर बसून ती बुटांच्या नाड्या सोडत होती, गाल लाल, आणि तोंडावर असं काही, की ते मी तिच्या आईच्या तोंडावर लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. "बाबा, बर्फ काय म्हणतो?" मी म्हटलं, "स्वच्छ." एक शब्द. उद्या सांगू, असं मनाशी ठरवून. आजचा दिवस तिचा असू दे, उद्या सांगू. पण बाईंनी लगेच हुकूम सोडला की हा कागद कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला लावायचा. मी म्हटलं, ओला आहे, घरून वाळवून आणतो. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा कागद घेतला आणि तीच कमान पुन्हा काढली, गळाशिवाय. भिंगरीची आई भाजी चिरत होती. तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हे काय चाललंय?" "नीट उमटलं नव्हतं, नीट करतोय." ती म्हणाली, "तुमच्या थापा आजवर कुणाला लागल्या नाहीत. ही लागेल." आणि पुन्हा चिरायला लागली. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारपणात मला खूण करून जवळ बोलावलं, मला वाटलं पाणी हवंय. म्हणाली, "पोरीला सांगून टाका." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत.

दोन हिवाळे. दोनशे बारा संध्याकाळी. रोज एक खरा कागद आणि त्यावरून एक खोटा. सगळ्या स्वच्छ कमानी एका पट्टीवर, भिंतीवर लांबत लांबत दारापर्यंत गेलेल्या. येणारीजाणारी पोरं बोटाने गिरवायची. खऱ्यांची पट्टी कपाटावर. लहानसहान स्पर्धांत परीक्षक इतकं बारीक बघत नाहीत. तिला पदकं मिळाली. मी स्वतःला सांगायचो, दम वाढेल, उडी थोडी उंच होईल, पाव फेरी आपोआप भरून निघेल, आणि मग खोटं खऱ्याला जाऊन मिळेल. कुणाला कळणारही नाही की मधे दोन निराळे कागद होते. एकच आशा होती, आणि ती अगदीच अशक्य नव्हती, हेच वाईट. अधूनमधून ती नडगी चोळत बसायची. "दुखतंय का गं?" "थोडंसं. उतरताना स्वच्छ येतेय ना मी?" "स्वच्छ." "मग बुटाचं असेल." नवे बूट आणले. मोठ्या स्पर्धेला महिना राहिला असताना, एका दुपारी, उतरल्या जागी नडगी मोडली. आवाज आला. मी म्हशीवर होतो, इंजिन चालू होतं, तरी आला.

प्रयोगशाळेला पोचलो तेव्हा माझ्या काखेत दोन गुंडाळ्या होत्या. ही प्रयोगशाळा म्हणजे एक थंडगार हॉल, त्यात पलंगाएवढा बर्फाचा तुकडा, त्याखाली वजन मोजणारी लोखंडी पाटी आणि पाटीतून निघालेल्या वायरी. भिंगरी आता तिशीची. चालताना डावा पाय जरा मागे राहतो. तिला तो सवयीचा झालाय, मला नाही. अकरा वर्षं ती एकाच प्रश्नामागे आहे: उतरताना हाड मोडतं ते का? एकतीस स्केटर मुलींची मोजमापं जमवलीत. तीस जणींचा कल एकाच बाजूला: ज्यांची फेरी अपुरी पडायची त्यांच्या नडगीला चीर, ज्या स्वच्छ उतरायच्या त्या धडधाकट. एकतिसावी ती स्वतः. रोज स्वच्छ उतरणारी, आणि हाड मात्र मोडलेलं. त्या एका पायासाठी तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, की हाडाला काही वेळा विनाकारणही मोडायचं असतं. येत्या शुक्रवारी ते मोठमोठ्या लोकांपुढे मांडायचं होतं. मागच्या आठवड्यात फोनवर रडली. "बाबा, मीच आडवी येतेय मला. माझाच पाय कुठे बसत नाही. ते भिंतीवरचे कागद आहेत ना तुमच्याकडे? ते आणा, मला परत मोजायचेत."

तिच्याबरोबर काम करणारा एक उंच, सरळसोट मुलगा आहे, त्याचं नाव मी काटकोन ठेवलंय आणि त्याला ते आवडतं. त्याने टेबल मोकळं केलं. मी दोन्ही गुंडाळ्या ठेवल्या. वाटेत बसमध्ये जुळवलेलं वाक्य होतं, ते विसरलो. म्हटलं, "ही भिंतीवरची. आणि ही बर्फावरची. भिंतीवरची मी घरी काढली. तुझी फेरी पुरी होत नव्हती. पहिल्या दिवसापासून."

तिने दुसरी गुंडाळी हातभर उलगडली. गळ बघितला. पुढचा बघितला. मग माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले, आणि ती हसायला लागली. येऊन गळ्यातच पडली माझ्या. "बाबा! अहो बाबा! वेड लागलंय का तुम्हाला? आठवडाभर हे करत बसला होतात?" मला काही उमगेना. ती काटकोनला म्हणाली, "मी फोनवर रडले ना, म्हणून ह्यांनी माझ्या पायाला कारण करून आणलंय. सगळं कसं तंतोतंत बसणारं! अरे, सात वर्षांची असताना मला पेंग्विनचं पत्र आलं होतं, ध्रुवावरून. कागद चहात बुडवून, इस्त्री करून जुना केलेला. वर पंजाचा शिक्का. बटाट्याचा!" काटकोन कागदाचा वास घेत म्हणाला, "काका, ह्याला चहा लावलात की कॉफी?"

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. पण तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती हसत होती. दवाखान्यात तिला प्लास्टर घातलं त्या दिवसापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. ते कुठे गेलं असेल असं वाटायचं, आणि ते इथे होतं, जसंच्या तसं. ज्यासाठी अकरा वर्षं जीव टांगणीला लागला होता ते सांगून झालं होतं, आणि त्याचं बक्षीस म्हणून मुलगी गळ्यात पडली होती. कुठल्या थापेला एवढं मिळालं नव्हतं. "कॉफी," मी म्हटलं. "बिनदुधाची. दुधाने वास मारतो." दोघं खदखदून हसली. मीही हसलो. 

काटकोन मजेमजेत कोनमापक लावत होता. "काका, तुम्हाला नोकरी द्यायला हवी. पहिला गळ पन्नास अंशांचा. मग अठ्ठावन्न. पंचावन्न. चौसष्ट." तो पुढे सरकत गेला आणि त्याच्या बोलण्यातली मजा कमी कमी होत गेली. "ताई, ह्या मधल्या आठवड्यात काय झालं होतं गं? तारखा तुटल्यात." भिंगरी डोळे पुसत म्हणाली, "मला ताप होता. नऊ दिवस." "मग नंतरचे गळ एकदम लहान झालेत. त्रेचाळीस. पंचेचाळीस. आणि मग परत हळूहळू वाढत गेलेत. पाय दमावा तसे." "खोटं काढणारा एवढा विचार करत नाही, ताई. तो सगळं सारखं काढतो." आणि त्याने पहिली गुंडाळी, भिंतीवरची, शेजारी उलगडली. दोनशे बारा कमानी. एकीसारखी एक. एकीचा कागद दुसरीवर ठेवला असता तरी रेघ हलली नसती.

भिंगरीने त्या कमानींवरून बोट फिरवलं, लहानपणी पोरं फिरवायची तसं. मग दुसऱ्या पट्टीवरून. तिच्या खांद्यावरून काही उतरलं की चढलं, मला सांगता येत नाही. मी तिची पाठ बघत होतो. ती म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"हो."

"बाईंना?"

"नाही. त्यांना दिसत नव्हतं."

"मी रोज विचारायचे तुम्हाला."

"ऐक ना, पहिल्या दिवशी मी—"

"नको, बाबा. तुम्ही बोलू नका." रागाने नाही म्हणाली, चुकीचं औषध पुढे केल्यावर नर्स म्हणेल तसं. तिने खुर्ची ओढली, दुखरा पाय स्टुलावर ठेवला, कोनमापक हातात घेतला. काटकोनला म्हणाली, "तू लिहून घे. पहिल्यापासून." कागद जुना, गुंडाळी होऊ बघत होता. तिने वर न बघता म्हटलं, "टोक धरा."

मी टोक धरलं. ती एकेक अंश वाचत गेली. पन्नास. अठ्ठावन्न. पंचावन्न. आवाजात चढ नाही, उतार नाही. एकेका आकड्याबरोबर मला एकेक संध्याकाळ दिसत होती: ही, नवा लोकरीचा स्वेटर घालून आली होती ती, ही, आईने डबा दिला नाही म्हणून रुसली होती ती, आणि ह्या प्रत्येकीच्या शेवटी बाकावर बसून वर केलेलं तोंड. तिलाही दिसत असणार. सत्तर. बहात्तर. दिवस कलला, हॉलमधले दिवे कुणी लावले कळलं नाही. धरलेलं टोक माझ्या बोटांतून जरा सरकलं. "हलवू नका, चुकतं," ती म्हणाली. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. दोनशे बारावा संपला आणि काटकोनने पेन खाली ठेवलं.

"मोडलं त्या दिवसाचा नाहीये," ती म्हणाली.

तो माझ्या पाकिटात होता. तिला गाडीत घालून नेलं, बाई बरोबर गेल्या, भिंगरीची आई परस्पर दवाखान्यात पोचणार होती. आणि मी, बाप, मागे राहिलो होतो. म्हैस फिरली असती तर ती खूण गेली असती. मी गुडघ्यांवर बसून कागद घासला. घासून झाल्यावर किती वेळ तसाच बसलो होतो ते माहीत नाही. आता तो सुटा तुकडा चार घड्या घालून घालून मऊ, कापडासारखा झाला होता. मी तो उलगडून तिच्यापुढे ठेवला. बारीक टोच, आणि तिच्यातून निघालेली कमान; लांब नव्हती, टीचभर जाऊन फिसकटलेली, पण जेवढी होती तेवढी सरळ निघालेली. बाक नव्हता. त्या एका दिवशी फेरी हवेतच पुरी झाली होती. दोन हिवाळ्यांच्या पिळांनी हाडाचं जे व्हायचं ते आधीच झालं होतं; ते उभं राहिलं ते एवढ्या एका उडीपुरतं.

तिने कोनमापक लावला. फिरवून लावला. डोळे कागदाच्या अगदी जवळ नेले. "शून्य," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला.

"ही खरी आहे," मी म्हटलं. "भिंगरी, ही खरी आहे. ह्याची मी नक्कल काढलीच नाही. काढायची गरजच—"

ती माझ्याकडे बघत होती. मी बाकीचे शब्द शोधत होतो, शपथेचे. पण तिच्या आईची शपथ घ्यावी तर आई नाही, आणि तिची घ्यावी तर ती समोर बसलेली. तिला विश्वास ठेवायचा होता. मला ते दिसत होतं. ती त्या तुकड्यावरचा माझा शिसपेन्सिलीचा हात निरखत होती, काठ तपासत होती, वास घेत होती, उजेडासमोर धरत होती. बर्फाने माझ्याशिवाय काहीतरी, कुठेतरी लिहून ठेवलं असेल म्हणून.

"लिहू?" काटकोनने हळूच विचारलं. "शून्य?"

तिने तो कागद माझ्याच घड्यांवर घडी करून माझ्यापुढे सरकवला.

"नको," ती म्हणाली. "ती जागा मोकळी सोड."